साडूभाऊंचा चालघसर

देवाने माणसाला पाय दिले खरे, पण ते काम त्याने अर्धवट सोडलं आणि आता ते आपल्यालाच पुरं करायचं आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नातेवाईक आपल्या हातात नसतात असं सगळेच म्हणतात. पण चुलत्याला, आतेभावाला निदान चारचौघांत नावं तरी ठेवता येतात. साडूच्या बाबतीत तीही सोय नाही. ज्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीसाठी मला पारखून घेतलं, त्यांनीच धाकटीसाठी ह्यांना पारखून घेतलं. ह्यांना वेडा म्हणायचं तर सासऱ्यांच्या पारखेवर बोट ठेवावं लागतं, आणि ते बोट फिरून माझ्याकडेच येतं. म्हणून मी इतकी वर्षं दात-ओठ खाऊन गप्प बसलो. आज सासरे नाहीत, तेव्हा बोलून घेतो.

साडूभाऊंचं परतूरला बाजारात मोटारी भरायचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येत, आणि तांब्याची नवी तार भरून परत जात. घरची शेती वाटूरकडे, ती धाकटा भाऊ बघायचा. हाताला असं वळण, की मेलेली मोटार ह्यांनी नुसती मांडीवर घेतली तरी ती घरघरायला लागेल. पण डोकं सदा दुसरीकडे, म्हणजे लोकांच्या पायांकडे. समोर माणूस आला की हे आधी त्याचे जोडे बघणार, मग तोंड. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला तो वाकून, आणि मी भारावून गेलो, तर खाली गेल्यावर म्हणाले, "भाऊ, तुमची उजवी टाच बाहेरून झिजून राह्यली." वडीगोद्रीच्या एका लग्नात हे मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगाशी उकिडवे बसून एकेक जोडा उलटा करून बघत होते. मुलीकडच्यांनी चपलाचोर म्हणून बखोट धरलं. "चोरून न्हाई राह्यलो, वाचून राह्यलो," हे ह्यांचं उत्तर. शेवटी भरल्या मांडवात, अक्षता वाटायच्या वेळी, "हा माझा साडू आहे" असं मला मोठ्याने सांगावं लागलं. ते सांगताना मला जे वाटलं ते शत्रूलाही वाटू नये.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होती माझी मेहुणी. ती शिक्षिका. वाटूरच्या पुढच्या एका फाट्यावर एसटी तिला सोडायची, आणि तिथून आत जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत चांगला तासाभराचा रस्ता. सकाळी चालत जायचं, संध्याकाळी चालत फाट्यावर यायचं. दोन बाळंतपणं झाली आणि तिच्या टाचा दुखायला लागल्या. डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं. बदलीचे अर्ज दरवर्षी जायचे आणि दरवर्षी कुठेतरी मुरायचे. नोकरी सोडावी तर ते तिच्या जिवावर यायचं, कारण त्या गावात पोरींना शाळेत बसवायला लावलं होतं ते तिनेच, घरोघर जाऊन, आयांशी भांडून. तेव्हा रोज संध्याकाळी ती घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची, आणि साडूभाऊ समोर बसून त्या पायांकडे बघत राहायचे.

अशात, साधारण ८५-८६च्या सुमाराला, ते तांब्याची तार आणायला औरंगाबादला गेले, आणि तिथल्या कुठल्याशा मोठ्या शाळेच्या मैदानावर पोरं चाकाचे बूट घालून घसरताना त्यांनी बघितली. तार आणायची राहूनच गेली. परत आले ते स्टेशनावरून सरळ माझ्या घरी. "भाऊ, सापडलं," म्हणाले. मी म्हटलं, चाकाचे बूट विकत मिळतात, त्यात काय सापडायचंय? तर त्यांनी माझी कीव केली. मेहुणीच्या शाळेचा रस्ताच तसा होता. फाट्यापासून थोडा डांबरी, कुण्या पुढाऱ्याच्या दौऱ्यासाठी केलेला, मग मुरूम, मग बिनपुलाचा नाला, दगडावर पाय देऊन ओलांडायचा, आणि नाल्यापासून गावाच्या वेशीपर्यंत पुन्हा डांबर, ते का आणि कुणी टाकलं देव जाणे. "रस्ता हाय तिथं घसरायचं, न्हाई तिथं चालायचं. पायातून काही काढायचं न्हाई, बसायचं न्हाई. टाच आपटली की चाक भाईर, पुन्यांदा आपटली की चाक आत. बॉलपेनवानी." ह्या वस्तूला त्यांनी नावही दिलं: चालघसर. मी विचारलं, "त्यापेक्षा तिला लुना घेऊन द्या ना!" ते म्हणाले, "नाल्यात लुना उचलून घ्याल का तुमी? पाय उचलता येतो भाऊ, लुना न्हाई उचलता येत." वेड्या माणसाचं बोलणं बरोबर निघालं की होणारा संताप वेगळाच असतो.

मग सुरू झाली माझी साडेसाती. चालघसर मेहुणीसाठी, पण चाचणी माझ्या पायावर. कारण काय, तर "तुमाला झेपलं तर तिला सहज झेपंल." माझं वजन हा त्यांच्या शास्त्राचा भाग झाला. पहिला जोडा बाभळीच्या फळीचा होता, घालून उभा राहिलो तर बैलगाडीला जुंपल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात टाच आपटायची ती स्प्रिंग इतकी कडक, की मी धान्याच्या आडतीसमोर बराच वेळ नुसते पाय आपटत राहिलो आणि हमाल लोक काम सोडून बघत बसले. तिसरा चालला. बाजार समितीच्या सिमेंटच्या ओट्यावर, सुट्टीच्या दिवशी, मी टाच आपटली, चाकं बाहेर आली, आणि मी निघालो. थांबायचं कसं, हे साडूभाऊंनी अजून काढलं नव्हतं. तुरीच्या पोत्यांनी मला थांबवलं. मी त्यात आडवा, पाय वर, चाकं फिरताहेत, आणि तेवढ्यात एक शेतकरी लांबून ओरडत आला. त्याची मोटार ह्यांनी भरून दिली होती, पण घरी नेऊन बघतो तो आत बेअरिंगच नाही. "गहू वाळून चालला तिकडं," तो माझ्या तळपायाकडे बोट दाखवत म्हणाला, "आन् हे साहेब माझी मोटार पायात घालून फिरून राह्यले!" तिथेच, पोत्यांवर, माझ्या डाव्या पायातली बेअरिंग काढून त्याच्या हातावर ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलाशी येणारा जो तो आधी वाकून माझे पाय बघत होता.

पण ह्याहून कहर झाला वाटूरला. आमचे मामेसासरे वारले. आम्ही दोघे साडू भेटायला गेलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला, आणि ह्या गृहस्थाने, कुठे जायचं आहे ह्याचा विचार न करता, पायात सुधारलेला चालघसर घातलेला. मामांचं घर गल्लीच्या तळाशी, आणि गल्ली नुकतीच सिमेंटची झालेली, चांगली उताराची. वरच्या तोंडाशी साडूभाऊ थांबले आणि कुणीही भला माणूस करील तेच त्यांनी केलं: बुटाचा चिखल झाडायला टाच आपटली. मी "अहो" म्हणेपर्यंत ते निघाले होते. खाली ओट्यावर डोक्याला उपरणी गुंडाळून माणसं बसलेली, मध्ये मामांचे थोरले भाऊ. हे दोन्ही हात पसरून, तोंड उघडं, "आरं, आरं, आरं" करत त्या उतारावरून असे आले की बसलेली माणसं उभी राहिली. थेट थोरल्या मामांच्या गळ्यात पडले, आणि सुटले तर पुन्हा घसरतील म्हणून त्यांना घट्ट धरूनच राहिले. थोरले मामा सकाळपासून रडले नव्हते, ते ढसाढसा रडले. बायकांनी आत हंबरडा फोडला. मी उताराच्या कडेकडेने सावकाश पोचलो, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघा, हाही जावईच, पण ह्याला काही वाटतंय का. आजही त्या घरात म्हणतात, माया असावी तर धाकट्या जावयासारखी.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती मेहुणी चालघसरला हात लावायला तयार नव्हती. "दाजी, यांना सांगा ना काहीतरी," ती मला म्हणायची. "पायानं गेले तर मी बाई. चाकानं गेले तर सर्कस. सरपंचाची आई वेशीतच बसलेली असते, ती मला गावात पाऊल ठेवू देईल का?" तिचं खरं होतं. लुगड्याच्या गावात पाचवारी नेसून जाणाऱ्या बाईंना आधीच लोक मान वाकडी करून बघायचे. साडूभाऊ ह्यावर भांडायचे नाहीत. ती पाय पाण्यात सोडून बसायची, हे समोर कानस घेऊन चालघसरचा तळवा घासत बसायचे, आणि दोघांच्या मध्ये बसून मी चहा प्यायचो. दरवर्षी ती म्हणायची, हे एवढं वर्ष, मग राजीनामा देते. दरवर्षी ते म्हणायचे, "थांब, ह्या वर्षी झालंच." तिने चार वेळा डॉक्टर बदलले, ह्यांनी किती वेळा स्प्रिंग बदलली त्याला गणती नाही. लाकूड जाऊन टायरचं रबर आलं, ब्रेक आला, जालन्याच्या भंगारातून हलकं पोलाद आलं. मला आठवतं, एकदा मी चिडून म्हणालो, "साडूभाऊ, इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः रस्ता केला असता!" ते गंभीरपणे म्हणाले, "रस्ता आपल्या हातात न्हाई भाऊ. बूट हाय."

एके दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले, हातात कापडी पिशवी. पिशवीत चालघसर होता, आणि पहिल्यांदाच तो बुटासारखा दिसत होता. काळा, हलका, बायकी मापाचा. मी हात घालून टाच दाबली तर चाकं आवाज न करता बाहेर आली, पुन्हा दाबली तर आत. "झाला," म्हणाले. "बिलकुल बराबर झाला." मी खरंच खूश झालो, तसं म्हणालोही. मग त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "बदलीचा कागद पन आजच आला. परतूरलाच. घराच्या मागची शाळा." मी म्हटलं, चांगलं झालं की. "चांगलंच झालं," ते म्हणाले. "टाचा वाचल्या तिच्या." आणि पिशवीचं तोंड नीट बांधून घरी गेले. इतकी वर्षं त्या पिशवीतल्या वस्तूला मी शिव्या घातल्या होत्या, पण त्या दिवशी ते गल्लीतून जाताना मला बघवलं नाही.

मेहुणीच्या निरोपाला आम्ही सगळे गेलो. शाळेत साडी-नारळ झालं, पोरी रडल्या, भाषणं झाली. मग अख्खं गाव तिला वेशीपर्यंत घालवायला आलं. सरपंचाची आई तिथे होतीच. मेहुणी पाराच्या कडेला बसली, आणि साडूभाऊंकडे न बघताच हात पुढे करून म्हणाली, "द्या इकडं." त्यांना कळेना. "काय?" "पिशवीत हाय ना? मला काय दिसत न्हाई का, सकाळपासून पाठीमागं लपवून राह्यलात?" तिने पदर खोचला, बूट घातले, उभी राहिली आणि टाच आपटली. साडूभाऊंनी कोपराला धरलं होतं. थोडं गेल्यावर तिने त्यांचा हात झटकला. आणि आमची ती मेहुणी, इतकी वर्षं ज्या डांबरावरून पाय ओढत गेली, त्यावरून पदर फडकवत सरळ गेली. पोरं मागून धावली, पोरींनी आरडाओरडा केला, आणि सरपंचाची आई काठी टेकत उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई पडंल की रं, कुनी धरा तिला!" पण ती पडली नाही. नाल्याशी तिने टाच आपटली, चाकं आत गेली, दगडांवर पाय ठेवत ती पलीकडे झाली. मुरूम चालली, पुढच्या डांबरावर पुन्हा घसरली. आम्ही धापा टाकत फाट्यावर पोचलो तेव्हा ती दगडावर बसून आमची वाट बघत होती. "दाजी, टाच अजिबात दुखली न्हाई," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती दुसऱ्याला. खरं होतं का, ते मी विचारलं नाही. साडूभाऊ खाली बसून तिच्या डाव्या पायाला कान लावत होते. "जरासं वाजून राह्यलं," म्हणाले. "तेल पायजे." तोंड काही त्यांनी वर केलं नाही, आणि एसटी आली तरी ते खालीच बघत होते.

त्यानंतर ते सुधारले. दुकानातून मोटारी सगळ्या बेअरिंगांसह परत जातात. लग्नात ते मांडवात बसतात, पंगतीत जेवतात, माझ्याशी पावसापाण्याचं बोलतात. मेहुणी पाठीमागच्या शाळेत जाते, मधल्या सुट्टीत घरी येऊन चहा पिऊन जाते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मध्यंतरी दुकानात गेलो, तर हे गादीवर स्वस्थ बसून रस्त्याकडे बघत होते, आणि माझ्या नव्या चपलांकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, काहीतरी काढा की नवीन. तुमचं डोकं असं रिकामं बघवत नाही." ते हसले. म्हणाले, "काढलं असतं भाऊ. पन आता कुनाला चालायचंय?"

मी तिथून उठलो आणि रागारागाने घरी आलो. बायकोने विचारलं, आता काय केलं त्यांनी? मी म्हटलं, काही नाही केलं. काहीच करत नाहीत आता, हेच तर.