घरातला ओटा

माझा गुडघा मोडला तो बैलगाडीतून उतरताना, आणि तोही काही मोठ्या प्रसंगात नव्हे. माहेरी गेले असताना, अल्लीपूरच्या बाजारातून वांगी घेऊन येताना. सेवाग्रामच्या दवाखान्यात हाड बसवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की चाला, फिरा, उभ्या राहा, पण उकिडवं बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही, आता कायमचंच. माझी आई ऐकून रडायला लागली. मला मात्र राग आला. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, मोरी जमिनीवर. मग मी काय आढ्याला लटकून रांधायचं होतं?

सासूबाई आर्वीकडच्या खेड्यात राहायच्या. त्यांनी निकालच देऊन टाकला. "जिले चुलीपाशी बसता येत नाई, तिनं संसार कसा कराचा? राहू द्या तिले माहेरीच." हे पुलगावला मिलमध्ये नोकरीला होते, खानावळीत जेवून जेवून काडीसारखे झाले होते. माणूस लाखाचा, पण आईसमोर मूग गिळून बसायचा. त्यामुळे मी आपली अल्लीपूरला, भावजयीच्या हातचं खात बसलेली. ती चांगली होती, पण ताटात वाढताना तिचा चेहरा दिसायचा हो!

पडून पडून मला पुलगावची शेजारीण आठवली. पुण्याकडची होती. तिच्या घरी भिंतीला धरून उंच दगडी फरशी बसवलेली, तिच्यावर शेगडी, आणि ही बाई उभ्यानं पोळ्या लाटायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. ती म्हणायची, "हसता काय, तुम्हीही असा ओटा करून घ्या." आता तोच ओटा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुलगावचं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. एका भिंतीला दार, एकीला खाट, एकीला कपड्यांच्या खुंट्या नि देव. उरली फक्त पूर्वेची. मी आईच्या अंगणात कोळशानं ती भिंत काढली. या टोकाला मोरी, तिच्याजवळ पाण्याचा माठ. मधे चिरायला नि भाकर थापायला मोकळी जागा. त्या टोकाला खिडकीखाली चूल, म्हणजे धूर बाहेर जाईल आणि पाणी विस्तवापासून लांब राहील. खाली पोकळी, तिच्यात जाळायच्या पऱ्हाट्या. तोंडही पूर्वेला होत होतं, म्हणजे सासूबाईंना बोट ठेवायला जागा नाही. हे रविवारी आले तेव्हा मी सगळं समजावून सांगितलं आणि वर ऐटीत म्हणाले, "मिस्तरीले सांगा, या भिंतीले ओटा बांधून पाह्यजे."

यांनी मिस्तरीला तेवढं एकच वाक्य सांगितलं. मिस्तरीनं बांधलाही. तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, "मी पुलगावला येऊन राह्यली, पाहू दे कशी रांधते थे." त्या यायच्या आदल्या दिवशी मी पोचले. दार उघडलं आणि मटकन बसायचीच, पण बसता येत नव्हतं म्हणून चौकट धरली.

ओटा झाला होता. गुडघ्याएवढा! कडा छान गोल केलेल्या, मांडीला टोचू नयेत म्हणून. आमच्याकडं ओटा म्हणजे घरापुढं गप्पा मारत बसायची जागा, हे इथंच जन्मून मी साफ विसरले होते. पुण्याचा शब्द मी पुलगावच्या मिस्तरीला दिला, त्यानं पुलगावचा ओटा दिला. वर मला म्हणतो, "मले वाटलंच, घरात काऊन ओटा पाह्यजे यायले. पण मजबूत हाय बाई. चार माणसं आरामात बसतीन."

"बसाले कोण येऊन राह्यलं इथं?" मी ओरडले. "मले बसता येत नाई म्हणून तं बांधला ना!" मिस्तरी यांच्याकडं पाहायला लागला, हे जमिनीकडं. मला रडू फुटलं. आता उद्या सासूबाई पाहतील आणि परवा माझी रवानगी अल्लीपूरला, एवढंच मला दिसत होतं.

सासूबाई आल्या त्या थेट ओट्यावर बसल्या. "वा! घरातच ओटा? बरं केलं." मग इकडंतिकडं पाहून विचारलं, "अन् चूल कुठं हाय?"

मी काहीही न लपवता सांगून टाकलं. आता भडिमार होणार म्हणून पदर आवळून उभी राहिले. पण त्यांनी ओट्याच्या टोकाला विटा मांडल्या, पऱ्हाट्या सारल्या आणि स्वतःच फुंकायला लागल्या. उभ्यानं वाकल्या, जमेना. खाली बसल्या, तर जाळ तोंडावर. उठताना त्यांनी ओट्याला हात टेकला, तरी निम्म्यात अडकल्या. मी दंड धरला. त्या बराच वेळ कंबर धरून उभ्या होत्या.

"घरी चुलीपाशून उठताना भिंत धरा लागते मले," त्या म्हणाल्या. "सांगू कोणाले? सुनेले बसता येत नाई म्हणून मीच बोंबलली, अन् आता मले उठता येत नाई म्हनू?"

 त्यांनी मिस्तरीला बोलावणं धाडलं. तो आला तसा त्याच्यावर असा तोफखाना सोडला, की बिचारा टोपी काढून उभा राहिला. "अबे, ओटा तुह्या पाटलासाठी बांधला का? इथं बाया रांधतीन. उभ्यानं. कर उंच!"

मिस्तरी उंचीचं माप घ्यायला काठी घेऊन त्यांच्याजवळ गेला. सासूबाई ठेंगण्या, माझ्या खांद्याला लागणाऱ्या. त्यांनी काठी हातानं बाजूला सारली.

"माह्यं काऊन घेतं? तिचं घे. मी चार दिसानं चालली. राहाचं तिले हाय इथं."

मिस्तरीनं काठी माझ्या कमरेला लावली. मी ताठ उभी राहिले, माप चुकू नये म्हणून.