काचेतल्या समुद्राला नाशिकचे दगड

घरात एक दगड आला की त्याच्यामागून चार किस्से येतात. दगड धुऊन टाकीत जातात, किस्से माझ्याकडे साठतात!

तर नाशकात एक कॉलनी आहे. तिथं राहते हिराबाई, म्हणजे मी. माझा मुलगा सुनील, सून कविता आणि कविताची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी. मादी थोराड, नर एवढासा. त्यांनी अंडी घालावीत म्हणून सून जिवाचं रान करत होती. आधीच्या दोन जोड्या दगावलेल्या. सुनीलनं सांगून टाकलं, "ही शेवटची. ही गेली की टाकी विकायची!"

या माशांना दगडाचा आडोसा लागतो. समुद्रातला विकतचा दगड म्हणजे सोन्याचा भाव. मी म्हटलं, "अगं, नाशकात दगडांना काय तोटा?"

*

दगड ओळखायला कविता त्यावर लिंबू पिळायची. फसफसला तर चुन्याचा, चालतो. गप्प राहिला तर आपला काळा, तोही चालतो, फक्त त्यात लोखंड नको. एका सकाळी तिनं दारात दगड मांडले, प्रत्येकावर अर्धं लिंबू. शेजारच्या शिंदेवहिनी दूध घेऊन येत होत्या, त्या तिथूनच मागं फिरल्या.

त्या दिवसापासून आमच्या दारापुढं कोणी गाडी लावत नाही. पार्किंगचा प्रश्न मिटला!

*

माझा भाऊ पेठ तालुक्यातून गोणीभर दगड घेऊन आला. त्यातला एक लाल-तांबड्या रेघांचा, बघत राहावा असा. कविता म्हणाली, "मामा, हा गंज आहे. मासे मरतील."

भाऊ फुगला. "ताई, सुनीलसाठी पोरगी बघताना बी आपण एवढं तपासलं नव्हतं!"

*

किडे मरावेत म्हणून मी एक दगड पातेल्यात उकळायला ठेवला. कवितानं धावत येऊन गॅस बंद केला. "आई, आत पाणी अडकलेलं असतं, फुटेल तो!"

सुनीलनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "काय शिजतंय?"

"दगड."

"मी बाहेरच जेवतो."

*

मग साधा मार्ग. ब्रशनं घासायचं, ड्रममध्ये भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, वास गेला की फाटकाशी उन्हात ठेवायचं. तर जाता-येता एका बाईंनी मोठ्या दगडाला हळदकुंकू वाहिलं! कविता पुन्हा घासायला बसली.

मी म्हटलं, "अहो बाई, देव नाही तो, माशांचं घर आहे."

"मग काय झालं? वास्तुशांत झाली!"

*

एवढं करून जोडी एकाही दगडापाशी जाईना. कोपऱ्यात चिकटून बसलेली. कविता जेवेनाशी झाली.

नळापाशी माझ्या सासूबाईंचं फुटकं जातं पडलेलं. लोखंडाची खीळ खालच्या तळीला, म्हणून मी वरची अर्धी तळी उचलायला लावली. लिंबू पिळलं, गप्प. कविता म्हणाली, "आई, ही आठवण आहे तुमची."

"आठवण नळाखाली काय करतेय? घास!"

घासली, भिजवली, वाळवली आणि टाकीत तिरकी टेकवली. संध्याकाळपर्यंत जोडी तिच्याखाली!

पुढं काही आठवड्यांनी सुनील ओरडला, "आई, जात्याला शेंदूर कोणी फासला?"

कविता भिंग घेऊन धावली. बघितलं आणि हसतेय की रडतेय कळेना. अंडी! नारिंगी, मोहरीसारखी, जात्याला गच्च चिकटलेली. मादी खुशाल फिरायला गेलेली. एवढासा नर मात्र तिथून हलेना, पंखांनी वारा घालत राबत होता.

सुनील म्हणाला, "कविता, दुसरी टाकी आणू या."

मी खुर्ची ओढून काचेपुढं बसले. म्हटलं, "सासूबाई, बघा. तुमच्या जात्यावर पहिल्यांदा पुरुष बसलाय!"