आत्ताच जेवून आलो

माझ्या सासूबाई भित्र्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. सिंधुबाई नागपूरहून पहिल्यांदा विमानात बसल्या त्या थेट इंग्लंडात, आमच्या लेस्टरला आल्या. इथल्या थंडीला त्या घाबरत नाहीत. एकट्या बसनं बेलग्रेव्ह रोडला जातात आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी मोडक्या हिंदीत हुज्जत घालून येतात. पण कुणी घरी खायला येणार म्हटलं की या बाईच्या हातापायांतलं बळच जातं.

त्या शनिवारी दुपारी चैत्राली आणि तिचा नवरा अवधूत पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. चैत्राली पुण्याची. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत, ती लॅबमध्ये. दोन वर्षांत या देशात मला मिळालेली ही एकच मैत्रीण, जिच्यापुढे मी रडतेही आणि मॅनेजरला शिव्याही घालते. बँक हॉलिडेच्या तीन दिवसांच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून रायला जायचं घाटत होतं. राय म्हणजे पार दक्षिणेला, समुद्राजवळचं एक चिमुकलं जुनं गाव. गोल दगडांच्या चढत्या गल्ल्या, कलंडलेली लाकडी घरं, टेकडीवर चर्च. महिनाभर व्हिडिओ कॉलवर आमचं तेच चालू होतं. आज बसून घर बुक करायचं होतं.

शिफ्ट संपवून आले, तर सोफ्यामागची भिंत बोडकी. बाबासाहेबांचा फोटो गायब. खिळा तेवढा होता. शेल्फवरचा बुद्ध मात्र जागच्या जागी.

"आई, फोटो कुठाय?"

"कपाटात ठेवला. साड्यांखाली, नीट गुंडाळून."

"आणि बुद्ध?"

"बुद्ध राहू दे. तो सगळ्यांच्याच घरी असते. शोभेचा वाटते."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! "अहो आई, हे काय चाललंय? घर आपलं, भाडं आपण भरतो, आणि पाहुण्यांसाठी आपलाच माणूस कपाटात?"

त्या ओट्याशी वड्या तळत होत्या. "एकच तर मैत्रीण आहे तुले," त्या म्हणाल्या. "भेव लागते मले, भावना."

खरं सांगायचं तर मीही चैत्रालीला कधी काही सांगितलं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. विषय निघाला नव्हता, आणि तो निघू नये एवढी खबरदारी मीही घेत होतेच की.

आईंचं भेव कुठून आलं ते मला माहीत होतं. सासरे सुखदेवबाबा रेल्वेत होते. क्वार्टरमध्ये शेजारी सुप्रभाताई. दोघींचं इतकं गूळपीठ, की भाजीच्या वाट्या दिवसभर भिंतीवरून इकडून तिकडे. मग एका चौदा एप्रिलला बाबांनी दारावर निळा झेंडा लावला. सुप्रभाताई भांडल्या नाहीत, वाकडा शब्द बोलल्या नाहीत. आई वाटी घेऊन गेल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "अगं बाई, आत्ताच जेवलो." पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

"भांडली असती तर बरं झालं असतं," आई मला एकदा म्हणाल्या होत्या. "मले वाटे, खरंच जेवली असन. किती दिवस वाटी घेऊन जात रायली मी."

बेल वाजली.

माझ्या नवऱ्यानं, विक्रांतनं, दार उघडलं. "या या", "केवढी थंडी", "पार्किंग मिळालं का" सगळं झालं. आईंनी सांबारवडीची ताटली आणून टीपॉयवर ठेवली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, म्हणून सांबारवडी. गरम, खुसखुशीत, घरभर वास सुटलेला.

"नको हो काकू," अवधूत म्हणाला, "आत्ताच जेवून आलो."

"हो ना, पोट अगदी फुल आहे," चैत्राली म्हणाली.

आईंनी ताटली उचलली आणि सरळ आत घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, ही रीत मला काय ठाऊक नाही? पण त्या क्षणी माझ्या कानांत सुप्रभाताईच बोलत होत्या.

विक्रांतनं लॅपटॉप उघडला. गल्लीच्या टोकाचं, तिरप्या दाराचं एक घर आम्ही हेरून ठेवलं होतं. खाली एकच मोठं स्वयंपाकघर, मध्ये लांब टेबल. अवधूतनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मी दुसरं एक बघितलंय. यात दोन किचन आहेत. म्हणजे ज्याचं त्याचं आपापलं. कटकट नको."

विक्रांत स्क्रीनकडेच बघत राहिला. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

चैत्राली भिंतीकडे बघत होती. "भावना, तो फोटो कुठे गेला गं?"

"कुठला?"

"बाबासाहेबांचा. व्हिडिओ कॉलवर दर वेळी तुझ्या डोक्यामागे असतो की. काढलात का?"

म्हणजे हिला माहीत होतं! मी खुळ्यासारखी खबरदारी घेत होते आणि फोटो महिनाभर माझ्याच मागून डोकावत होता. पण सुटल्यासारखं वाटायच्या आधीच दुसरा विचार आला. हिला माहीत होतं, आणि तरी हिनं वडी नको म्हटलं. की माहीत होतं म्हणूनच?

"आईंनी काढला," मी म्हणाले. आवाज चढला माझा. "तुम्ही येणार म्हणून. आणि तू आल्या आल्या म्हणालीस, जेवून आले."

"अगं, मी एकदा म्हणाले!" तिचा चेहरा लालबुंद झाला. "एकदा नाही म्हणतातच ना? काकूंनी ताटलीच उचलून नेली. मला वाटलं, आमचं येणंच त्यांना आवडलं नाही. सकाळपासून पोटात काही नाहीये माझ्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न होऊन आल्यापासून आईंना कुणालाही आग्रह करताना मी पाहिलं नव्हतं. मी समजायचे, स्वभाव असेल. स्वभाव कसला! पहिला नकार त्या कसाबसा सोसायच्या. दुसरा ऐकायची छातीच नव्हती त्यांना.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. हातात तीच ताटली, आणि ती बांगड्यांवर आपटून वाजत होती. त्या पुढे आल्या.

"घे ना बाई," त्या म्हणाल्या. "एक तरी घे."

चैत्रालीनं दोन उचलल्या. तोंड भाजलं, तरी हा हू करत पहिली खाल्ली. "काकू, काय झालीये हो!" माझे डोळे भरून आले, आणि मला स्वतःचाच राग आला.

मग आईंनी ताटली अवधूतपुढे धरली. "तुम्ही पण घ्या."

"नको काकू, खरंच."

"एक."

"ॲसिडिटी आहे मला," तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला.

असेलही. माणसाला ॲसिडिटी नसते का? चैत्रालीचा घास तोंडात तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. घास गिळला, बोटं पुसली आणि म्हणाली, "विक्रांत, ते एका किचनचं घर बुक कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं केलं.

ते गेल्यावर आईंनी कपाटातून फोटो काढला, पदरानं पुसला आणि खिळ्यावर लावला. बराच वेळ तो सरळ करत राहिल्या.

"भावना, त्याले खरंच ॲसिडिटी असन का?"

"माहीत नाही, आई."

"त्या घरात चूल एकच ना?"

"एकच. तीन दिवस."

"मग समजनच," त्या म्हणाल्या. "वडीचं पीठ जास्त घेशीन."