साहेबाचे कप

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं आणि सोलापुरातलं पेठेतलं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. सामान आवरताना दिरांनी काचेच्या कपाटातले सहा कप-बशा बाहेर काढल्या आणि फोटो काढून पुण्याच्या एका व्यापाऱ्याला पाठवले. तो म्हणाला, खाली कंपनीचा शिक्का नाही. विलायती निघाले तरच घेतो. तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली. माझी सगळी नोकरी एका लहानशा संग्रहालयात जुनी भांडी नोंदवण्यात गेली. त्या घरात आजवर तिचा अर्थ ‘खापरं पुसते’ एवढाच होता.

“वहिनी, बघा की जरा. आजोबांना मिलच्या गोऱ्या साहेबानं दिलेले हायत. लई जुना माल.”

जुळे सोलापुरातून आम्ही दोघं रविवारी गेलो. दिरांनी सतरंजीवर कप मांडून ठेवले होते. मी एक उचलून खिडकीशी धरला. पलीकडून बोटांची सावली दिसली, म्हणजे माती अस्सल. पण उजेड निळसर आला. विलायती कपातून तो दुधावरच्या सायीसारखा पिवळट येतो. बुडाच्या कडेवर बोट फिरवलं तर वाळूसारखी खरखर लागली. मग सवयीनं त्या कडेला जीभ लावली. कच्ची माती जिभेला चिकटते, ही चिकटली नाही.

“अगंबाई, अक्का! उष्टं केलंत की!” जाऊ ओरडली. मी हसले. तोवर मला हसू येत होतं.

फुलं हातानं रंगवलेली होती, पण घाईघाईनं. एकासारखं दुसरं नाही. मग मी काठाचं सोनं पाहिलं. पाच कपांचं जसंच्या तसं होतं. सहाव्याचं मात्र एका बाजूनं, कान उजव्या हातात धरला की ओठ टेकतात नेमकं तिथं, पार झिजलेलं. असं एकच भांडं झिजलेलं दिसलं की आम्ही विचारतो ते मी विचारलं: आधी कुठे असायचे, कोण वापरायचं?

“बाहेरच्या सोप्यातल्या कोनाड्यात,” दीर म्हणाले. सासूबाईंना घरात अव्वा म्हणत. “चिनी माती आत न्यायची न्हाय म्हणायची अव्वा. बाहेरचं कोण आलं, परजातीचं, की ह्यातनं चहा. घरच्यांना आपले स्टीलचे पेले.” एवढं बोलून ते बशा जुळवू लागले.

त्या घरात सणावाराला मला चहा त्याच कपातून मिळे. सगळे स्टीलच्या पेल्यातून पीत आणि मी एकटी सोनेरी काठाच्या कपातून. “नाजूक हाय, तूच धू,” सासूबाई म्हणायच्या. बाहेरच्या नळावर मी तो तळहातावर घेऊन जपून धुवायची. आमची जात वेगळी, लग्न कचेरीत लागलेलं. माहेरी सगळ्यांना धास्ती होती. मी आईला सांगितलं, मला साहेबाच्या कपातून चहा देतात. आईनं ते गल्लीभर सांगितलं. ती त्याच समाधानात गेली, आणि त्याचा मला आता जास्त राग येतो.

दुसऱ्यांच्या भांड्यांचा कूळ-काळ सांगण्यात जन्म गेला आणि हातातला कप काही वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते बशी निरखत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अव्वाचं वय झालं होतं. म्हटलं, कशाला वाद.”

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई आजच्या माझ्यापेक्षा लहान होत्या. शेजारी बसून इतकी वर्षं पेल्यातून चहा पिणाऱ्या माणसाला त्या कपाचा अर्थ ठाऊक असणारच. सासूबाईंचा राग एक वेळ विरेल. त्यांनी निदान स्वतःचं सोवळं पाळलं. यांनी काय पाळलं?

“मग वहिनी? साहेबाचंच ना?” दिरांनी विषय बदलला.

“नाही,” मी म्हणाले. “जपानी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असा माल बोटी भरभरून यायचा, हातगाडीवर विकला जायचा. कुठल्याही साहेबानं असले कप भेट दिले नसते. बाहेरच्या माणसांना द्यायला तुमच्या आजोबांनी स्वस्तातले विकत आणले असणार.”

दिरांचा चेहरा उतरला. बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण वाटलं नाही. त्यांनी कप एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. “तरीबी कोणतरी घेईल की,” ते पुटपुटले.

तेवढ्यात जाऊ चहा घेऊन आली. कप बांधून झाले होते, म्हणून त्या घरात पहिल्यांदाच माझ्या हातात स्टीलचा पेला आला.