मायचं औषध

भाऊच्या ऑफिसचा चपराशी जीप घेऊन आला तेव्हा मी शाळेत पोरांच्या पाट्या तपासत होते. "साहेबांनी बोलावलंय, मायची तब्येत जास्त हाये," एवढं म्हणून त्याने मान खाली घातली, आणि मला कळलं. आलापल्ली ते चंद्रपूर सगळ्या वाटेत मला रडू आलं नाही. मनात एकच होतं... भाऊला सोडायचं नाही. आता महिना उलटला, तरी राग उतरलेला नाही. तो उतरावा म्हणून मी हे लिहीतही नाही.

बाबा गेल्यावर मायने खाट धरली होती. छातीत दुखायचं, झोप लागायची नाही, घास तोंडात फिरायचा. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने मायला दोनदा नीट तपासलं, काही सापडलं नाही, तेव्हा खुर्ची जवळ ओढून विचारलं की दिवसभर घरात कोण असतं. कोणीच नाही, मी शाळेत, भाऊ चंद्रपुरात. मग बाई म्हणाली, गोळी देत नाही, उद्या सकाळपासून दवाखान्यामागे मोहाच्या झाडाखाली यायचं. तिथे काही म्हाताऱ्या पळसाच्या पत्रावळी लावत बसायच्या. गोंड बाया, आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया, बांगडीवाल्यांच्या घरची एक चाची. पत्रावळी हे निमित्त. खरा डोस असा की प्रत्येकीने येताना दुसऱ्या एकीला तिच्या घरून घेऊन यायचं. मायच्या वाट्याला मैनीबाई आली. तिचा तरणा मुलगा पुरात गेला होता. तेव्हापासून ती दाराकडे पाठ करून बसलेली असायची. माय तिच्या ओसरीवर जाऊन बसायची आणि तशीच परत यायची. "ते येत नाई तवर मीबी मोहाखाली जात नाई," मला म्हणायची. एका सकाळी मैनीबाई उठली आणि मायच्या मागे चालू लागली. त्यानंतर माय छातीत दुखल्याचं बोलायचीच विसरली. भाकर मागून घेऊ लागली, हसू लागली.

भाऊला हे समजलं ते एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी बसलेला कोणी सहज बोलून गेला की साहेब, ही पत्रावळ तुमच्या मायच्या हातची. भाऊ जेवण टाकून उठला आणि दुसऱ्याच दिवशी घरी आला. "मी शिकलो काऊन? आपल्या मायचे हात असल्या कामातून सुटावे म्हनूनच ना?" तो म्हणाला. माय त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "हे काम नोहोय बापू, दवा होय."

त्याचं दुखणं मला समजत होतं. तो तिथेच थांबला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांना राबवून घेतात, अशी तक्रार त्याने वरपर्यंत नेली. चौकशी आली, मागच्या आवाराला कुलूप लागलं, डॉक्टरीणबाईची बदली सिरोंच्याला झाली. मायच्या तपासण्या करायच्या म्हणून तो तिला चंद्रपूरला घेऊन गेला आणि त्याने तिला तिथेच ठेवून घेतलं.

तिथे कूलर होता, मऊ गादी होती, झोपेच्या गोळ्या होत्या. सकाळी सगळे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलायला कोणी नसायचं. मी गेले की तिचा एकच प्रश्न, "मैनीले कोन आणून राह्यलं आता?" मी आणते, असं सांगून आले आणि खरंच शाळेआधी मैनीबाईच्या घरी जाऊन तिला आमच्या ओसरीवर आणू लागले. मायला परत पाठव म्हणून भाऊच्या किती विनवण्या केल्या... तिथे कोणता मोठा डॉक्टर बसलाय, असं तो दर वेळी विचारायचा. पुढे पुढे मायने मैनीचं विचारणंही सोडलं. माझ्या लेखी ती तेव्हाच गेली.

शोकसभेला भाऊने क्वार्टरसमोर मांडव घातला. ऑफिसातले सगळे आले होते. मी मोहाखालच्या बायांना एसटीने घेऊन गेले आणि साहेब लोकांसाठी मांडलेल्या पहिल्या रांगेत बसवलं. भाऊ हातात कागद घेऊन बोलत होता. मायला शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही, असं त्याने म्हटलं आणि मी उठले. "भाऊ, या मायच्या जिवाच्या बाया. यातली मैनी कोनती, तेवढं सांग."

तो एकेक चेहरा बघत गेला. मैनीबाई त्याच्या अगदी समोर, त्याच्याकडे टक लावून बसली होती. त्याची नजर तिच्यावरून पुढे सरकली. भाऊने हातातल्या कागदाची घडी केली आणि तो आत निघून गेला. लोक म्हणतात, मयताच्या मांडवात असं वागू नये. मला बरं वाटलं. अजून वाटतं.

आता त्या बाया सकाळी माझ्या ओसरीवर बसतात. पानं जुळवताना मैनीबाई ती टाचायची बांबूची काडी दातात धरते, अगदी मायसारखी. कधी शिकली, तिलाही ठाऊक नाही. मी पाट्या-पुस्तकं आवरता आवरता तिच्याकडे बघत राहते.

परवा वहिनीचा निरोप आला. भाऊला झोप नाही, जेवण जात नाही, तपासण्यांत काही निघत नाही. त्या डॉक्टरीणबाईचा सिरोंच्याचा पत्ता मिळेल का, असं तिने विचारलंय.

पत्ता माझ्याकडे आहे. मी दिलेला नाही.