वालूरच्या पटात धाव किती टिकते

शंकरपट बघायला बाईमाणसानं जाऊ नये, असं मला आमच्या शाळेच्या शिपायानं सांगितलं, शेजारच्या वकीलसाहेबांनी सांगितलं आणि माझ्या धाकट्या भावानंही सांगितलं. का जाऊ नये, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. म्हणून मी गेले.

बोलावणं यमूचं होतं. यमू माझी मावसबहीण, वालूरला दिलेली. तिचा थोरला मुलगा किसन यंदा पहिल्यांदाच पटात घरची बैलजोडी हाकणार होता. ‘तू आलीस तर तुझ्या निमित्तानं मलाही बांधावर बसू देतील,’ असा तिनं निरोप धाडला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण स्वतःच्या गावचा पट तिनं पाहिलेला नव्हता. मलाही बैलांच्या शर्यतीचं कौतुक फारसं नाही. पण परीक्षांना अवकाश होता आणि रजा शिल्लक होती.

परभणीहून सकाळच्या गाडीनं सेलूला उतरावं. डबा तिसऱ्या वर्गाचा चालतो, मात्र पाण्याचा तांब्या घरून घ्यावा. सेलूला स्टेशनाबाहेर एक हॉटेल आहे, तिथं भजी ताजी मिळतात. मालक नव्या पैशांवर वैतागलेला होता. एका गिऱ्हाइकानं त्याला डिवचलं, “निजाम गेला, हैदराबाद गेलं, आता आपण मुंबईचे झालो. तुझा चहा मात्र होता तसाच पाण्याचा.” मालक म्हणाला, “मुंबईला जाऊन पी मंग.” चहा खरोखरच पाण्याचा होता.

वालूरला मोटार जाते, पण जाईलच असं नाही. मी वाट पाहत बसले नाही, बाजारातून परतणारी एक गाडी ठरवली. गाडीवान हरिबा, वय झालेला, बोलका माणूस. वाट काळ्या रानातून जाते आणि फाल्गुनात वाळून दगडासारखी होते. बसायला घोंगडी मागून घ्यावी, नाहीतर वालूर येईपर्यंत पाठ राहत नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली, मधूनच करडईचा पिवळा तुकडा.

चाकाचा खडखडाट फार होत होता, म्हणून मी हरिबाला चाकावरच्या लोखंडी पट्टीबद्दल विचारलं. तिला धाव म्हणतात. लोहार ती तापवून लाल करतो, लाकडी चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो, की ती आवळून बसते.

“एक धाव किती टिकते, हरिबा?”

“कशावर हाय त्यावर हाय, ताईसाब. कापसाच्या गाडीला माझ्या बापानं बसवलेली आजून हाय. मुरमाच्या वाटंनं दगड वाहिले, तर दोन-तीन सालात चकणाचूर.”

“आणि पटाच्या छकड्याची?”

त्यानं बैलाच्या पाठीवर उगाच हात फिरवला. “ती पातळ असती. छकडा हलका पायजे ना. ती झिजत न्हाई, ती निसटती. उन्हाळ्याच्या तोंडाला लाकूड सुकतंय, चाक आखडतंय, धाव ढिली पडती. मागं आमच्या तिकडच्या पटात निसटली. आरे उघडले, छकडा उलथला, धुरकऱ्याचा पाय गेला.” धुरकरी म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारा. “लय नावाचा गडी होता. आता मारुतीम्होरं बसून दोर वळायलाय.”

एवढं सांगून त्यानं बैलांना हाकारलं.

वालूर मोठं गाव आहे. बाजार भरतो, पेठ आहे, आणि एक जुनी बारव आहे, जिच्या पायऱ्या गोल वळत पाण्यापर्यंत उतरतात. ती अवश्य बघावी, पण चपला हातात घेऊन, कारण पायऱ्या निसरड्या आहेत. राहण्याची सोय ओळखीच्या घरीच होते. यमूच्या हातची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिळाची चटणी यांसाठी मी याहून वाईट वाटेनंही गेले असते.

अंगणात बैलांना तेल लावणं चाललं होतं. छकडा मात्र दगडांवर टेकवून ठेवलेला, बिनचाकांचा.

“चाकं कुठं आहेत?” मी किसनला विचारलं.

“वढ्यात हायत, मावशी.”

संध्याकाळी त्याच्याबरोबर मी ओढ्यावर गेले. दोन्ही चाकं पाण्यात आडवी पडली होती, वर धोंडे ठेवलेले. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि ढिली धाव पुन्हा घट्ट होते. शेतकरी हे नेहमीच करतात, त्यात गैर काही नाही. बाजाराला जाऊन यायचं असेल तर तेवढं पुरतं. पण पटाच्या छकड्याला? लोहार तर गावातच होता. धाव कापायची, थोडी आखूड करायची, जोडून पुन्हा तापवून चढवायची, हे त्याचं एका सकाळचं काम.

हे मी यमूचे यजमान बापूराव पाटील यांना जेवताना विचारलं.

“ताई, गेल्या साली ह्याच धावंवर आपण पट मारला,” ते शांतपणे म्हणाले. “जिंकलेलं लोखंड कापत न्हाईत.”

“का?”

“त्याचं यश जातंय.”

“आणि निसटली तर?”

“तुमी कालेजात शिकलाव, तुमचं बरोबर असंल. पर इथं कुणी कापत न्हाई.”

बापूराव वाईट माणूस नाही. बैलांना आधी पाणी पाजून मग स्वतः पिणारा, मुलांवर हात न उगारणारा गृहस्थ. मी त्यांच्याशी वाद घातला आणि तो वाया गेला. यमू भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. फक्त किसनच्या ताटात भाकरी वाढताना तिचा हात जरा थांबला.

पट गावाबाहेरच्या पडीत रानात होता. धसकटं वेचून, ढेकळं फोडून लांबलचक पट्टी केलेली. जाणार असाल तर सकाळीच जा, डोक्यावरून पदर घट्ट घ्या, आणि पाण्याची घागर स्वतःची ठेवा. शेव, रेवड्या, गुडीशेव सगळं मिळतं, आणि सगळ्यावर धूळ असते. आम्हा बायकांना बांधावरच्या लिंबाखाली जागा मिळाली. “मास्तरीणबाई आल्यात,” असं कुणीतरी म्हणालं, आणि दोन म्हाताऱ्या यमूला जागा द्यायला सरकल्या.

दोन-दोन छकडे बरोबर सुटतात. हरलेला बाहेर जातो, जिंकलेला पुढच्या फेरीत. किसनचा छकडा सुटला तेव्हा मला तो दिसलाच नाही, नुसती धूळ आणि तिच्या पुढं बैलांची दोन शिंगाडी डोकी. बैल पळतात असं आपण म्हणतो. हे पळणं नव्हतं. बांधाची माती माझ्या पायाखाली हलत होती. यमूनं माझं मनगट धरलं होतं आणि ती हसत होती, तोंडावर पदर घेऊन, शाळेतल्या मुलीसारखी. किसन जिंकला. दुसऱ्या फेरीतही जिंकला.

दर फेरीनंतर बैल सोडून सावलीला नेत, जू जमिनीवर टेकवत आणि चाकांवर घागरीनं पाणी ओतत. पण ऊन चढलं होतं. ओतलेलं पाणी बघता बघता सुकत होतं.

शेवटच्या फेरीआधी यमू भाकरीचं टोपलं घेऊन छकड्याकडं निघाली, मीही बरोबर गेले. तिथं लिंबाजी उभा होता. हा मेंढरं राखणारा, पलीकडच्या वस्तीवरचा. शेवटची फेरी त्याच्याच जोडीशी होती.

“पाटील, तुमची उजवी धाव सरकायली,” तो म्हणाला. “बगा एकडाव.”

बापूराव हसले. “भ्यालास का, लिंबाजी?”

“मी कशाला भिऊ. मी छकड्यावर बसायलोय का तुमच्या?”

“मंग मेंढरं बग जा आपली.”

लिंबाजी खांदे उडवून निघून गेला. मी वाकून पाहिलं. लोखंड आणि लाकूड यांच्यात फट होती, माझं नख सहज आत गेलं. मी ते बापूरावांना दाखवलं. ते म्हणाले, “एकच फेरी राह्यली, ताई. टिकंल.” आजूबाजूला निम्मं गाव उभं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही फट दिसली आहे. पण मेंढपाळानं सांगितलं म्हणून पाटलानं माघार घेतली, हे त्यांना आता घडू द्यायचं नव्हतं.

यमूनं मुलाला विचारलं, “तुला काय वाटायलंय रे?”

“दादा म्हणतेत टिकंल.” वडलांना तो दादा म्हणतो.

“तुला विचारलं मी.”

किसन खाली बघत राहिला. “मी उतरलो तर भ्याला म्हणतील, आई.”

यमूनं टोपलं खाली ठेवलं. लुगड्याचा काठ थोडा वर धरला आणि जमिनीवर टेकलेलं जू ओलांडून ती पलीकडं गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईनं जू ओलांडलं की ती जोडी त्या दिवशी जुंपत नाहीत. नांगराला नाही, गाडीला नाही, मग पटाला तर नाहीच. आमच्या भागात हे लहान मुलीलाही माहीत असतं आणि ती वळसा घालून जाते.

एक म्हातारा पुटपुटला, “वलांडलं की.”

“काय केलंस हे?” बापूरावांचा आवाज चढला नाही, उलट बसला.

“दिसलं न्हाई मला,” यमू म्हणाली.

ऊन लख्ख होतं. जू पांढऱ्या बैलांचं, हळद लावलेलं, पिवळंधमक.

“दिसलं न्हाई,” ती पुन्हा म्हणाली, आणि टोपलं उचलून मुलाला भाकरी दिली.

मग टोमणे सुरू झाले. पाटलाच्या घरात आता बायाच बैल हाकायल्यात. शहरची पाहुणी आणली की असंच व्हायचं. हा शेवटचा माझ्यासाठी होता. असे टोमणे मी बरेच ऐकले आहेत, त्यानं मला काही होत नाही. यमूच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. लिंबाजीला फेटा आणि नारळ तसाच मिळाला. तो घेताना त्याचं तोंड आंबलेलं होतं. “असं न्हवतं जिंकायचं मला,” तो बापूरावांना म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

बैल हातानं धरून नेले आणि छकडा गड्यांनी ओढत घरी आणला. बापूराव त्या उजव्या चाकामागून चालत होते, नजर त्याच्यावरच. मीही पाहत होते. खरं सांगते, धाव निसटावी असं मला वाटत होतं, तिथंच, सगळ्यांसमोर, यमूसाठी. ती निसटली नाही. दगडांवरून गेली, ओढ्याच्या उतारावरून गेली, आणि चाकावरच राहिली.

दारात बापूराव म्हणाले, “टिकली.”

“टिकली तर बरंच झालं,” यमू म्हणाली. “हात धुवा, वाढते.”

कुणी फार जेवलं नाही. भांडी आवरताना मी तिला विचारलं, तू ते जू-बिऊ मानतेस का? ती म्हणाली, “ते मानतेत. तेवढं बास हाय.” आता बांधावर तिला पुन्हा कुणी बसू देणार नाही, हेही तिनं सांगितलं, भांडी पुसता पुसता.

सकाळी मी परत निघाले. हरिबाची गाडी लोहाराच्या पालावरून जाते. तिथं बापूराव उकिडवे बसले होते. चाक बाजूला टेकवलेलं, धाव कापून गोवऱ्यांच्या आगीत घातलेली. मी गाडी थांबवली.

“कापली?” मी विचारलं.

“कापली.” त्यांनी माझ्याकडं न बघता एक गोवरी सरकवली. “बाईनं जू वलांडलं. आता त्या लोखंडात काय राह्यलंय, ताई.”

लोहार मान खाली घालून भाता ओढत होता. नीट जा, पाणी घेतलंय का, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले.

घरी आल्यावर बरेच दिवस मला एक गोष्ट पटत नव्हती. मी वर्गात मुलींना सांगते, असल्या समजुती टाकून द्या. आताही सांगते. पण त्या रानात माझा शब्द चालला नाही, लिंबाजीचा चालला नाही, आणि किसनला तर शब्दच काढता आला नाही. चाललं ते यमूचं पाऊल, आणि ते ज्या समजुतीवर चाललं ती मी टाकून द्या म्हणते.

मागच्या आठवड्यात किसन इथल्या धान्यबाजारात, मोंढ्यावर आला होता, तेव्हा माझ्याकडं जेवून गेला.

“दादा बोलतात का आईशी?” मी विचारलं.

“बोलायलेत. पटाचं सोडून सगळं.”

“आणि आई?”

“ती आजून म्हणती, दिसलं न्हाई.” तो हसला, मग हसायचा थांबला. “मावशी, खरं सांगा. टिकली असती का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, टोपी घातली आणि माझ्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत खाली उतरून गेला.