गुहागरचा बेत

मे महिन्याच्या सुट्टीसाठी मी आणि माझी अकरा वर्षांची इरा बेत आखत होतो. दोन दिवस मुंबई, मग तीन दिवस गुहागरचा समुद्र. किनाऱ्याचा फोटो पाहताच ती म्हणाली, "आई, इथेच तू बुडत होतीस ना? तुझी छाती केवढ्यानं धडधडत होती!"

माझं पेन थांबलं. लाटेनं मला ओढलं तेव्हा इरा पोटात होती. ही गोष्ट मी कुणालाच, तिच्या बाबांनाही, सांगितलेली नाही. मुलांना जग आपण दाखवतो असं वाटतं. ती काय काय घेऊन आलेली असतात, कोण जाणे.

मी कागदावरचं गुहागर खोडू लागले. तिनं माझं मनगट धरलं, लहान मुलाचं धरावं तसं.

"खोडू नकोस," ती म्हणाली. "आता मला पोहता येतं."